ऑरगॅनिक, गोठ्यावरचं की पिशवीचं: घरात दूध कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात धायरीच्या बाजूला राहणारं सहा जणांचं कुटुंब. आजी-आजोबा (आजोबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं), नवरा-बायको, पाच वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. रोज दीड लिटर दूध लागतं. सध्या 58 रुपये लिटरचं पिशवीतलं गायीचं दूध येतं. शेजारचे लोक जवळच्या गोठ्यावरून 70 रुपयांनी सुटं दूध आणतात आणि सांगतात, की पाश्चरायझेशनने दुधातला जीव जातो. शिवाय काचेच्या बाटलीतलं 'ऑरगॅनिक ए2' दूध (ए2 हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार) 120 रुपयांनी दारात मिळतं. मुलीला सकाळी दूध प्यायल्यावर अधूनमधून पोटात दुखतं आणि ए2 ने ते थांबेल असं कुणीतरी सांगितलंय. मग यातलं कोणतं घ्यावं?

मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकलो आणि नोकरीतला बहुतेक काळ दूध संघाच्या प्रयोगशाळेत आणि गावोगावच्या संकलन केंद्रांवर काढला. आता लहान गोठ्यांना स्वच्छ दूध कसं काढावं याबद्दल सल्ला देतो. म्हणजे या तिन्ही प्रकारचं दूध आतून पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी बाळाचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. दहा महिन्यांच्या मुलाला यातलं कोणतंच दूध 'पिण्याचं दूध' म्हणून देऊ नका. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत आईचं दूध आणि त्याच्या जोडीला वरचं अन्न. आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तो फॉर्म्युला. गायी-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम व केसिन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. शिवाय इतक्या लहान वयात या दुधाने आतड्यातून डोळ्याला न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. नाचणीच्या सत्त्वात चमचाभर दूध किंवा वरणभातावर दही चालतं, बाटली भरून दूध नको. वर्षानंतरही दिवसाला 300 ते 400 मिलिलिटर पुरे. 'दूध भरपूर पितो, पण जेवतच नाही' असं ज्या मुलांबद्दल सांगतात, त्यांचं हिमोग्लोबिन तपासलं की बऱ्याचदा कमीच निघतं.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. पाश्चरायझेशन म्हणजे दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद ठेवून लगेच 4 अंशांच्या आसपास थंड करणं. त्यात रोगजंतू मरतात. थोडं क जीवनसत्त्व आणि ब गटातलं थोडं काही कमी होतं. प्रथिनं, कॅल्शियम, फॅट जागच्या जागी राहतात. कच्च्या दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम असतं आणि तापवल्यावर ते मरतं, असं एक विधान व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतं. ते खोटं आहे. गायीच्या दुधात ते एन्झाइम मुळात नसतंच.

हा 'कच्चं विरुद्ध पाश्चराइज्ड' वाद आपल्याकडे अमेरिकेतून आलाय. तिथे फ्रीजमधलं दूध तसंच ग्लासात ओततात, त्यामुळे कच्चं म्हणजे खरोखरच कच्चं. आपल्या घरात गोठ्यावरचं दूध आलं की पहिलं गॅसवर चढतं. साय धरावी म्हणून संध्याकाळी पुन्हा एकदा. म्हणजे शेजाऱ्यांच्या दुधाला पिशवीतल्या दुधापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. 72 अंशांना 15 सेकंदांत 'जीव' जात असेल, तर 100 अंशांना दोनदा उकळून तो राहील कसा? तुमच्यापुढचा खरा प्रश्न गोठ्यावरचं उकळलेलं दूध की पिशवीतलं उकळलेलं दूध, एवढाच आहे.

युरोपात, बव्हेरिया आणि आल्प्सकडच्या गावांत, शेतावर वाढलेल्या आणि कच्चं दूध पिणाऱ्या मुलांना दमा आणि अ‍ॅलर्जी कमी असते असे अभ्यास झालेत, आणि ते गंभीर अभ्यास आहेत. पण ते करणाऱ्यांनीच कच्चं दूध द्या असा सल्ला दिलेला नाही, कारण त्यातल्या जंतूंचा धोका तिथेही आहे. आपल्या गोठ्यांत तो जास्त आहे. ब्रुसेलोसिस हा जनावरांत गर्भपात घडवणारा रोग आपल्याकडे अजून आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये लाळ्या-खुरकुतासोबत त्याच्याही लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना लस देतात. माणसाला तो कच्च्या दुधातून होतो. चढउताराचा ताप, घाम, सांधे आणि कंबर धरणं असं महिनोन्महिने चालतं आणि निदान उशिरा होतं. जनावरांचा क्षयही याच वाटेने येतो. 2025 च्या जानेवारीत तुमच्याच सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. तिथे संशय पाण्यावर होता. पण हा जंतू जनावरांच्या शेणातून कच्च्या दुधातही उतरतो आणि एका उकळीत मरतो.

तरी आपल्या घरात कच्चं दूध दोन-तीन वाटांनी पोटात जातं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. एक, पंचामृत. सत्यनारायणाला न तापवलेलं दूध घेण्याची रीत आहे आणि तीर्थ म्हणून ते गरोदर बाईपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळ्यांच्या हातावर पडतं. सुटं दूध असेल तर ते उकळून गार करून वापरा, किंवा ताज्या पिशवीतलं घ्या. दोन, गोठ्यावर गेल्यावर कौतुकाने मुलांना दिलेला धारोष्ण दुधाचा पेला. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध पिण्याची मोठी परंपरा आहे. धडधाकट माणसाने काय करावं हे त्याने ठरवावं, पण लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांनी त्या वाटेला जाऊ नये. खरवसाची काळजी नको. चीक वाफेवर नीट घट्ट होईपर्यंत शिजतो.

उकळल्याने जंतू मरतात. काही गोष्टी मात्र उकळून जात नाहीत आणि दूध निवडताना लोक त्यांच्याबद्दल विचारतच नाहीत. मला सगळ्यात जास्त त्याबद्दल सांगायचंय.

पहिली गोष्ट अँटिबायोटिक. गायीला कासदाह होतो, म्हणजे कास सुजते आणि दुधात गुठळ्या येतात. मग सडात औषधाची ट्यूब सोडतात किंवा इंजेक्शन देतात. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, की इतके दिवस या जनावराचं दूध विकू नये. दोन गायींच्या शेतकऱ्याने दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध सलग चार-पाच दिवस ओतून द्यायचं, तर त्या आठवड्याचा घरखर्चच जातो. म्हणून ते दूध कधी कधी कॅनमध्ये येतं. मी ज्या संघात होतो तिथे टँकर रिकामा करण्याआधी पट्टीवर चाचणी व्हायची. पट्टीवर रेघ उमटली नाही, म्हणजे दुधात औषध आहे, तर टँकर परत. ज्या गावातून तो आला तिथल्या एकेका उत्पादकाचा नमुना मग तपासला जायचा. घरी कळण्यासारखी एकच ढोबळ खूण आहे. चांगलं विरजण, नेहमीची ऊब, आणि तरी दही लागत नाही, दूध पातळच राहतं. एकदा झालं तर थंडी असेल. पुन्हा पुन्हा झालं तर दूधवाल्याला स्पष्ट विचारा, की कोणत्या जनावराला औषध चालू आहे.

दुसरी गोष्ट अफ्लाटॉक्सिन. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका, नीट न दाबलेला मुरघास यांना ओल लागली की बुरशी येते. त्या बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, तेही चोवीस तासांच्या आत. ते यकृताला घातक आहे आणि ना पाश्चरायझेशनने जातं ना उकळून. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने घेऊन सर्वेक्षण केलं होतं. आपण सगळे ज्याला घाबरतो ती भेसळ, म्हणजे युरिया, डिटर्जंट वगैरे, 12 नमुन्यांत सापडली. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने 368 होते आणि अँटिबायोटिकचे 77. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. अफ्लाटॉक्सिन सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या, म्हणजे पिशवीतल्या दुधात जास्त आढळलं. हजारो गोठ्यांचं दूध एकत्र झालं की एखाद्याचा दोष पातळ होतो हे खरं, पण सगळ्यांचीच पेंड खराब असेल तर तो सगळ्यांत पसरतो. गोठ्यावरच्या दुधाचं उलट असतं. गोठा चांगला असेल तर दूध उत्तम. वाईट असेल तर तुमच्या घरात रोज तोच दोष येतो.

म्हणून गोठ्यावरून दूध घ्यायचं ठरवलंत तर एकदा धारेच्या वेळी स्वतः जा आणि थोडा वेळ उभं राहून पाहा. धार काढण्याआधी कास धुऊन कोरडी पुसतात का? पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काळ्या कपात किंवा फडक्यावर काढून गुठळी आहे का ते पाहतात का? हे करणारा गोठा दिसला की मला निम्मी खात्री पटते. मग पेंडेची पोती पाहा. जमिनीवर भिंतीला लावून ठेवलीत की लाकडी फळ्यांवर उचलून ठेवलीत? मूठभर पेंड हातात घेऊन वास घ्या. कुबट वास आला तर तिथून दूध घेऊ नका, बाकी गोठा कितीही चकचकीत असला तरी. जनावरांची ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. नीट गोठेवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही, तो पशुवैद्यकाचा कागद काढून दाखवतो. दूध स्टीलच्या कॅनमध्ये येतं की प्लास्टिकच्या बरणीत, तेही पाहा. प्लास्टिकला चरे पडतात आणि त्यांत साचलेलं दूध धुऊन निघत नाही.

आणि वेळ. प्रयोगशाळेत आम्ही दुधात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकून नळ्या कोमट पाण्यात ठेवायचो. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडून दूध पांढरं होतं. पहाटे काढून लगेच बल्क कूलरमध्ये गार केलेल्या दुधाची नळी पाच-पाच तास निळी राहायची. मे महिन्यात मोटरसायकलवर दोन तास फिरून आलेल्या कॅनमधल्या दुधाची नळी अर्ध्या तासात पांढरी पडायची. दूध तेच, गावही तेच. गोठा दहा मिनिटांवर असेल आणि तुम्ही आणल्या आणल्या तापवणार असाल तर काही अडचण नाही. पण सकाळी पाचला काढलेलं दूध न गार करता नऊला दारात येत असेल तर ते 'ताजं' म्हणता येत नाही.

आता ऑरगॅनिक. आपल्याकडे ऑरगॅनिक हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. 2017 च्या नियमांनुसार पाकिटबंद मालावर तो शब्द छापायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं किंवा पीजीएस-इंडियाचं (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेती तपासतात ती पद्धत) प्रमाणपत्र लागतं आणि 'जैविक भारत' ही खूण छापावी लागते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकांना त्यातून सूट आहे. म्हणून बाटली हातात घेऊन आधी ती खूण शोधा. 'फार्म फ्रेश', 'नैसर्गिक', 'देशी', 'शुद्ध' या शब्दांना तसला काही आधार लागत नाही. खूण असेल तर एवढं नक्की म्हणता येतं, की चारा रासायनिक खतं-कीटकनाशकांशिवाय पिकवलेला असावा आणि जनावरांना ऊठसूट औषधं दिलेली नसावीत. दुधातल्या कॅल्शियम-प्रथिनांत फरक पडत नाही. भरपूर हिरवा चारा खाणाऱ्या जनावराच्या दुधात ओमेगा-3 थोडं जास्त असतं, पण ते हिरव्या चाऱ्यामुळे, शिक्क्यामुळे नव्हे. आणि सेंद्रिय पेंडेलाही पावसाळ्यात बुरशी लागतेच. अशी शेती टिकावी म्हणून कुणी जादा पैसे देत असेल तर मला त्याचा आदर आहे. मुलांची तब्येत सुधारेल या आशेने 120 रुपये देत असाल तर त्याला आधार नाही.

ए2 बद्दलही तेच. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे ए1 आणि ए2 हे दोन प्रकार. साखळीतल्या 67 व्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं, एवढाच फरक. आपल्या गीर, खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी या गायींचं दूध बहुतांशी ए2 असतं. म्हशीचं तर असतंच, पण म्हशीच्या पिशवीवर ते लिहून कुणी दुप्पट भाव लावत नाही. ए1 मुळे मधुमेह किंवा हृदयरोग होतो या दाव्यांची युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2009 मध्ये छाननी केली आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 21 ऑगस्ट 2024 ला ए1-ए2 चे दावे वेष्टनावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत, अधिक चर्चेसाठी, तो आदेश मागे घेतला. म्हणजे आज बाटलीवर ए2 छापलेलं दिसतं, ते कुणी तपासून मान्य केलंय असं समजू नका. बाटलीबद्दल अजून एक सांगतो. पारदर्शक काचेतून उजेड लागला की दुधातलं ब-2 जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही बिघडते. घेतलीत तरी दाराबाहेर उजेडात पडू देऊ नका.

पिशवीबद्दलची एक भीती जुनी आहे: टोन्ड म्हणजे पावडरचं दूध. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि फॅट काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते परवडणारं करायची ही पद्धत मुंबईत दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी 1940 च्या दशकात सुरू केली. जास्त मुलांना दूध मिळावं हा त्यामागचा हेतू होता. ती भेसळ नव्हे, त्याचं ठरलेलं प्रमाण आहे. टोन्डमध्ये किमान 3 टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये दीड, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये सहा. पिशवीवर '+एफ' खूण असेल तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. दिवसभर शाळेत आणि घरात असणाऱ्या मुलांना ड मिळत नाही, म्हणून मी ती खूण असलेली पिशवी निवडायला सांगतो. दुकानात पिशव्या क्रेटमध्ये उन्हात पडलेल्या असतील तर ते दुकान बदला. हाताला गार लागली पाहिजे. शीतसाखळी नीट असेल तर पाश्चराइज्ड दूध न उकळताही पिता येतं, पण डेअरीपासून तुमच्या ओट्यापर्यंत ती कुठे तुटली हे आपल्याला दिसत नाही. तेव्हा एक उकळी आणाच. ढवळत उकळी येऊ द्या, दोन मिनिटं मंद ठेवा, पातेलं गार पाण्यात ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. साय हवी म्हणून दिवसातून तीनदा तापवत बसू नका.

तुमच्या घरासाठी माझा सल्ला असा. मुलीसाठी आणि तुम्हा दोघांसाठी '+एफ' खूण असलेली गायीच्या किंवा टोन्ड दुधाची पिशवी. आजोबांसाठी डबल टोन्ड, आणि त्यांच्या दह्यावरची साय बाजूला काढा. गोठा वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरला आणि आजींना त्या दुधाची चव, तूप हवं असेल, तर खुशाल घ्या. ते दूध पिशवीपेक्षा कमी नाही, फक्त त्यावर नजर ठेवण्याचं काम तुमच्याकडे येतं. बाटलीचं घेऊ नका. दीड लिटरमागे रोजचे 93 रुपये म्हणजे महिन्याला 2,790 रुपये जादा जातात. तेवढ्यात रोजची अंडी, डाळी, गूळ-शेंगदाणे आणि फळं येतात. तुमच्या मुलांना दुधाच्या प्रकारापेक्षा त्यांची जास्त गरज आहे.

राहिलं मुलीचं पोट. दूध बदलण्याआधी दोन आठवडे तिला सकाळी उपाशीपोटी दूध देऊ नका. त्याऐवजी जेवणासोबत वाटीभर दही किंवा ताक द्या. विरजणात लॅक्टोज बरंचसं कमी होतं, त्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही दही बहुतेक वेळा सोसतं. दुखणं थांबलं तर मग नाश्त्यानंतर अर्धा कप दूध देऊन पाहा आणि हळूहळू वाढवा. मात्र दुधानंतर अंगावर पित्त उठणं, उलटी, ओठ सुजणं किंवा शौचात रक्त असं काही दिसलं तर ती दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. अशा वेळी गीर गायीचं, म्हशीचं, शेळीचं असं एकेक दूध घरी देऊन पाहू नका. त्या सगळ्यांत तशीच प्रथिनं असतात आणि ए2 दूध अशा मुलाला सुरक्षित नाही. दूध पूर्ण बंद करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.